पाळक व्हायला काय शिकावं लागतं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून चौघांनी तरी मला विचारलं, "पाळक व्हायला परीक्षा असते का रे?" असते. एक नाही, बऱ्याच असतात.

आपल्याकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांतले बरेच पाळक सेरामपूरची बी.डी. पदवी घेतात. सेरामपूर म्हणजे श्रीरामपूर. आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं. विल्यम कॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ मध्ये तिथे कॉलेज काढलं. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याचा अधिकार दिला. मराठीचं व्याकरण छापणारे कॅरी ते हेच.

या अभ्यासात पवित्र शास्त्र आहेच; शिवाय मंडळीचा इतिहास, नीतिशास्त्र, भारतातले इतर धर्म, उपदेशाची तयारी, दुःखितांचं सांत्वन, आणि हिब्रू-ग्रीक भाषा. ग्रीकच्या विभक्त्या बघून सगळे घाबरले, तेव्हा मला शाळेतला संस्कृतचा तास आठवला. नव्या करारातल्या ग्रीकमध्ये द्विवचन नाही हे कळल्यावर तर फारच हायसं वाटलं!

"देवाचं बोलावणं असलं की पुरे, शिक्षण कशाला?" असंही काही जण म्हणतात. बोलावणं हवंच. पण एका घरातली गोष्ट सांगतो. फिट येणाऱ्या मुलीच्या गोळ्या एका स्वयंघोषित उपदेशकाने बंद करायला लावल्या. तिला पुन्हा फिट आली, तेव्हा तो आईला म्हणाला, "तुमचा विश्वास कमी पडला." मुलगी दवाखान्यात सावरली. आईच्या मनातला सल मात्र जाईना. मी तिच्याबरोबर ईयोबाचं पुस्तक वाचलं. त्याच्या मित्रांनीही त्याच्या दुःखाचा दोष त्याच्याच माथी मारला होता, आणि शेवटी देवाने त्या मित्रांनाच खडसावलं. हळूहळू ती बाई पुन्हा प्रार्थनेला बसू लागली, आणि मुलीच्या गोळ्याही वेळेवर देऊ लागली.

म्हणून शिक्षण हवं. अर्धवट वाचलेलं वचन माणसाला जखमी करू शकतं.

तरीही नुसत्या पदवीने कुणी पाळक होत नाही. मंडळी त्याला पारखते, तो आधी डीकन होतो, आणि मगच बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवून पाळकाची दीक्षा देतात. आमच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये ही दीक्षा स्त्रियांनाही मिळते.

गुरुजनहो, न समजता पुढे वाचू नये, ही सवय तुम्ही लावलीत. ती मला आजही रोज उपयोगी पडते.