कॅमेरा कुणाच्या हातात?

आमच्या गावच्या हायस्कुलात नववीच्या मुलामुलींना व्हिडिओ शिकवायचं ठरलं, तेव्हा नियम करायला आम्हा बचत गटाच्या बायकांनाही बोलावलं. ट्रायपॉड, माइक वहीत सही करून न्यायचे, चार्जिंग आदल्या दिवशी करायचं, हे सरांनी आधीच लिहिलं होतं. आम्ही दोन गोष्टींसाठी अडून बसलो.

एक म्हणजे, विचारल्याशिवाय कुणाचंही शूटिंग करायचं नाही. ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बाईचं तर नाहीच नाही. आधी ‘हो’ म्हणालेली बाई नंतर ‘नको’ म्हणाली, तर तेवढा भाग काढून टाकायचा. का, म्हणून विचारायचं नाही. शूटिंग शाळेच्या कॉम्प्युटरवरच राहील, कुणाच्या व्हॉट्सॲपवर जाणार नाही.

दुसरं, दर आठवड्याला कामं बदलायची. नाहीतर कॅमेरा पोरांकडे आणि वही सांभाळायला पोरी, हे ठरलेलंच! १९८४ साली अहमदाबादला ‘सेवा’च्या बायका व्हिडिओ शिकल्या. त्यांतल्या कितीतरी जणींना लिहितावाचता येत नव्हतं. मग आमच्या नववीतल्या पोरींना का जमू नये? मुलाखतीआधी पंखा बंद करा, नाहीतर घरघर ऐकू येते, हे सरांना एका मुलीनंच सांगितलं.

तुमच्याही शाळेत असा वर्ग असेल, तर जाऊन नियम वाचा. आणि मुलीचा व्हिडिओ पसरवून कुणी त्रास देत असेल, तर १०९८ लावा. हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, रात्रीसुद्धा लागतो, पैसे पडत नाहीत.