वाहनाची निगा आणि एक जुनी वही

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



साहित्य, संगीत व अध्यात्म या विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेल्यानंतर मोटारीच्या निगेसारखा तेलकट विषय घेऊन मी उभा राहावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुटीत भिलाईहून नागपूर-अमरावतीकडे मुलाबाळांसह निघणारी आपली कुटुंबे पाहिली, म्हणजे हा विषय आपल्या किती जवळचा आहे, हे ध्यानात येते.

आमच्या लहानपणी मोटार ही मध्यमवर्गीयाच्या आयुष्यात जेमतेम एकदा येणारी वस्तू होती. निवडीला फारसा वावच नव्हता. उत्तरपाड्याची अँबॅसडर, कुर्ल्याच्या कारखान्यातील, पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढीच काय ती नावे. नवी गाडी हवी असेल तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे हाती आलेली गाडी जपण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्या पिढीच्या नेटकेपणाचे आपण कौतुक करतो ते योग्यच आहे. पण त्या निगेच्या मुळाशी टंचाईही होती, हे विसरता कामा नये. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुतीची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि हे चित्र हळूहळू पालटू लागले.

माझ्या वडिलांनी इथल्या कारखान्यात नोकरीस असताना एक जुनी ‘मार्क टू’ अँबॅसडर घेतली होती. दर रविवारी सकाळी ते बाह्या सरसावून तिच्यापाशी बसत. रेडिएटरचे पाणी, बॅटरीचे पाणी, इंजिनचे तेल, चाकांतील हवा, सगळे क्रमाने पाहत, आणि जे केले ते एका वहीत लिहून ठेवत. तारीख, मैल, काम आणि खर्च असे चार रकाने त्यांनी पट्टीने आखले होते. आम्ही भावंडे त्या वहीची थट्टा करीत असू.

१९८४ साली वडील गेले आणि गाडी माझ्याकडे आली. मीही तिची काळजी घेई, निदान मला तसे वाटे. दसऱ्याला झेंडूची माळ, हळदकुंकू आणि नारळ कधी चुकला नाही. वर्षाआड रंगाला झिलई होई. शेजारी म्हणत, “गाडी अगदी नवी दिसते हो!” वही मात्र कपाटात पडून राहिली.

१९८७ च्या दिवाळीत आम्ही नागपूरला निघालो. साकोलीच्या अलीकडे पुढची एस.टी. एकाएकी थांबली. मी ब्रेकवर पाय दिला, तो पाय थेट तळाला टेकला. मागे आई, पत्नी आणि दोन मुले. गिअर खाली आणला, हातब्रेक ओढला आणि गाडी रस्त्याखाली एका शेताच्या बांधाला नेली. कोणाला खरचटलेही नाही, हे आमचे भाग्य. मागच्या एका चाकातील सिलिंडरचे रबर झिजून तेल गळत होते. त्या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकांना तेलाची वाट एकच असल्यामुळे एके ठिकाणच्या गळतीने सारेच ब्रेक निकामी झाले. दोष गाडीचा नव्हता, कारागिराचाही नव्हता. घरी परतल्यावर मी ती वही उघडली. ब्रेक ऑईलची अखेरची नोंद वडिलांच्या हातची होती. तिला तीन वर्षे उलटून गेली होती.

आजच्या गाड्यांत ब्रेकची व्यवस्था दुहेरी असते. एक वाट बिघडली तरी दुसरी काही अंशी काम देते. म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि नेमकी तिथेच चूक होते. जुनी गाडी बोलत असे. ती खडखडे, धूर सोडी, वास देई. नवी गाडी बरेचसे मुकाट्याने सोसते. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे ते कमी उष्णतेला उकळू लागते आणि लांब उतारावर ब्रेक दगा देऊ शकतात. म्हणून गळती नसली तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. रेडिएटरमध्ये नुसते पाणी न घालता योग्य कूलंट घालावे. टायरच्या कडेवर निर्मितीचे चार अंक असतात: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने कडक होते. गाडी फारशी चालली नाही, म्हणून तेल बदलले नाही, हा हिशेबही फसवा. तेलाला किलोमीटरप्रमाणे महिन्यांचीही मर्यादा असते. हे सारे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेले असते; पण ती पुस्तिका बहुधा तशीच कोरी करकरीत राहते.

उत्तरपाड्याला अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. आमची गाडी त्याच्या कितीतरी आधी आम्ही दुसऱ्याच्या स्वाधीन केली. देताना घेणाऱ्याने वहीही मागितली. मी तिची नक्कल करून दिली आणि मूळ वही ठेवून घेतली. आज माझ्या मुलीच्या गाडीच्या नोंदी तिच्याच उरलेल्या पानांवर होतात. मैलांच्या जागी किलोमीटर आले, एवढाच फरक.

आपल्या मंडळाची पन्नास वर्षेही अशाच वह्यांनी सांभाळली आहेत. गणेशोत्सवाची आरास सर्वांना दिसते. वर्गणीच्या पावत्या आणि सभेचे इतिवृत्त नेटाने लिहिणारा हात कोणाला दिसत नाही. गाडी असो वा संस्था, झिलई डोळ्यांना सुखवते, पण प्रवास तडीस जातो तो नोंदींच्या बळावर.

तेव्हा यंदा दसऱ्याला गाडीला हार घालण्यापूर्वी तिचे बॉनेट एकदा उघडा, एवढीच माझी विनंती.