‘लेंड’ आणि ‘बॉरो’
(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



मला माइकसमोर बोलायची सवय नाही, म्हणून आठवीतल्या इंग्रजीच्या तासापासूनच सुरुवात करतो. मी शेजारच्या बाकावरच्या मित्राला विचारलं होतं, ‘कॅन यू बॉरो मी युअर पेन?’ वर्गात कोणी हसलं नाही, कारण चूक कोणालाच कळली नव्हती. सरांना मात्र कळली.

चूक होणारच होती. आपल्या मराठीत उसनं घेतातही आणि उसनं देतातही. शेजारीण वाटीभर साखर उसनी नेते, पुढच्या आठवड्यात आपण तिच्याकडून उसनी आणतो. शब्द तोच. इंग्रजीत मात्र दिशा क्रियापदातच असते. देणारा ‘लेंड’ करतो, घेणारा ‘बॉरो’ करतो. ‘लेंड’बरोबर ‘टू’ येतो, ‘बॉरो’बरोबर ‘फ्रॉम’. सरांनी फळ्यावर दोन माणसं आणि मध्ये बाण काढला होता, आठवतंय ना? जर्मन भाषेत ‘बोर्गेन’ हे एकच क्रियापद दोन्हींसाठी चालतं, हे पुढे कळलं तेव्हा जरा बरं वाटलं! ‘बॉरो’चं मूळ जुन्या इंग्रजीतल्या हमी, तारण या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे घेणारा नुसता घेत नाही, शब्दही देतो.

दहावीला परीक्षेची फी भरायला घरात पैसे नव्हते. सरांनी मला स्टाफरूमबाहेर बोलावून नोटा हातात ठेवल्या. मी मान खाली घातली. सर म्हणाले, ‘अरे, आय ॲम लेंडिंग, नॉट गिव्हिंग. फरक शिकवलाय ना?’ माझी मान वर आली.

पहिला पगार झाल्यावर पैसे घेऊन त्यांच्या घरी गेलो. वाटलं, ‘राहू दे रे’ म्हणतील. त्यांनी नोटा मोजल्या, ‘बरोबर आहेत’ म्हणाले आणि खिशात ठेवल्या. मग काकूंना चहा टाकायला सांगितला. त्या दिवशी पैसे परत घेतले नसते, तर ती मदत ‘गिव्ह’ झाली असती आणि मी कायम ओशाळलेला राहिलो असतो.

आज आपण शाळेतल्या गरजू मुलांसाठी निधी जमवतो आहोत. माझं एवढंच म्हणणं आहे, की उद्या एखादा मुलगा परत करायला आला, तर त्याला ‘राहू दे’ म्हणू नका. मोजून घ्या.

सर, तुमचे पैसे फिटले. शिकवलेलं मात्र अजून उसनंच आहे आणि ते फिटणार नाही.