आपल्या बोलीतली पुस्तके
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘आजच्या साहित्यातील निरनिराळे आवाज’ असा भारदस्त विषय आपण मला दिलात. मी काही पंडिता नव्हे. मंडळाच्या कपाटातली पुस्तके घरी नेऊन वाचणारी तुमच्यातलीच एक. तेव्हा विषय जरा खाली, आपल्या चाकूरच्या जमिनीवर आणते.

शिकायला शहरात गेले तेव्हा वसतिगृहात पहिल्याच दिवशी एका मुलीला मी सहज विचारले, “काय करायलीस गं?” खोलीभर हशा पिकला. पुढे शिक्षण संपेपर्यंत मी “काय करते आहेस” असे जपून बोलले. आईचे पत्र आले तर उशीखाली लपवी, कारण ती बोलते तसेच लिही. त्या लपवण्याची आज लाज वाटते.

आणि आपल्याकडे भाषा एकच कुठे आहे? निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दूतून शिकवणारे. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेले. शब्द मात्र आपल्या तोंडी राहिले. तांड्यावरच्या बाया आपसांत गोरमाटी बोलतात, उदगीरकडे गेले की कानडी कानावर येते. गावात इतके आवाज, पण पुस्तकांतून बहुतेक एकाच माजघरातली माणसे बोलत असत.

ते माजघर ज्यांनी मोठे केले त्यांतले एक, लक्ष्मण गायकवाड, आपल्याच लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे. त्यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जातीच्या जाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या; तो कायदा १९५२ साली गेला, पण कपाळावरचा शिक्का काही गेला नाही. त्या शिक्क्याखाली वाढलेल्या मुलाची ही कथा आहे. तो शाळेत जाऊ लागला, तर वस्तीतल्या पोरांना हगवण लागली ती ह्याच्याच शाळेमुळे, असे त्याचेच लोक म्हणू लागले!

मी हे पुस्तक मंडळात सुचवले तेव्हा आपल्यातल्या एक बाई म्हणाल्या, “त्यात शिव्या फार आहेत.” आहेत. पण त्या शिव्या आपल्या गल्लीत रोज ऐकू येतात, आणि तेव्हा आपण कान झाकत नाही. मला वाटते, खरी अडचण शिव्यांची नाही. धनेगाव फार जवळ आहे, ही आहे.

आता बायकांविषयी. फलटणच्या बेबी कांबळे लहानसे दुकान चालवीत. पुड्या बांधायला आणलेली वर्तमानपत्रेच त्या आधी वाचून काढीत. मग स्वतःच लिहू लागल्या, पण नवऱ्यापासून आणि घरच्यांपासून चोरून. वह्या वर्षानुवर्षे लपलेल्या राहिल्या. ते लेखन १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ ह्या नावाने पुस्तकरूपाने आले. महारवाड्यातले दैन्य त्यांनी सांगितले, बाबासाहेबांनी आणलेली जाग सांगितली, आणि सासुरवाशिणीला घरातच काय सोसावे लागे तेही झाकले नाही. आपल्याच माणसांविषयी असे लिहायला छाती लागते. शांताबाई कांबळे शिक्षिका होत्या, शुद्ध लिहिणे त्यांना येत नव्हते असे कोण म्हणेल? तरी पुस्तकाचे नाव त्यांनी ठेवले ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. ते वाचले तेव्हा मला आईची पत्रे आठवली. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’चे (२००३) नाव तर आईच्या हातातल्या बांबूच्या विणकामावरून आलेले.

ही तीन आणि ‘उचल्या’ अशी चार पुस्तके मंडळासाठी घ्यावीत, अशी माझी विनंती आहे. सगळ्यांनाच वाचता येते असे नाही, म्हणून दुपारी एकीने वाचावे, बाकीच्यांनी शेंगा फोडीत ऐकावे.

आणखी एक बोलते, रागावू नका. आपल्या हळदीकुंकवाला पलीकडच्या वस्तीतल्या बायकांना बोलावणे जात नाही. विधवा भगिनींनाही जात नाही. ह्या वाचनाला मात्र सगळ्यांना बोलवायचे, आणि निरोप गड्याबरोबर धाडायचा नाही. आपण दोघी-तिघींनी स्वतः जाऊन सांगायचे. माझ्याबरोबर कोण येते ते आज उठण्यापूर्वी सांगा.