बारावीनंतर गणित: एका विद्यापीठाचे दोन दरवाजे



आपल्या घरांत "बीएस्सीला गणित घेतलं" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "का, इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही?" मी कॉलेजात गणित शिकवतो, दर जूनमध्ये हे ऐकतो.

मुसलमान मुलांपुढे गणितावर बोलायचं तर अल-ख्वारिज्मीचं नाव घ्यावं लागतं, ते घेऊन टाकतो. नवव्या शतकात बगदादमध्ये त्याने बीजगणितावर लिहिलेल्या पुस्तकाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटणीच्या हिशेबांचा आहे. अभिमान ठीक आहे. पण "मेडिकलला लागत नाही" म्हणून आपल्या किती मुली अकरावीलाच गणित सोडतात, तेही मोजा. ते सोडलं की मी आता सांगणार आहे त्यातलं जवळपास सगळं बंद.

मुंबई विद्यापीठाचंच उदाहरण घेऊ. इथे गणिताच्या पदवीला दोन दरवाजे आहेत. एक सगळ्यांना ठाऊक आहे: घराजवळचं संलग्न कॉलेज. प्रवेश बारावीच्या गुणांवर, तीन वर्षांत पदवी, आणि नव्या धोरणानुसार चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. चौथं वर्ष संशोधनाकडे जाणाऱ्यांच्या जास्त कामाचं. घरी पैसा लवकर यायला हवा असेल तर तीन वर्षांनी बाहेर पडण्यात कमीपणा नाही.

दुसरा दरवाजा कलिना संकुलातच आहे आणि आपल्या मोहल्ल्यांत त्याचं नाव क्वचित ऐकू येतं. विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून २००७ मध्ये मूलभूत विज्ञानाचं एक केंद्र काढलं, लोक त्याला 'सेब्स' म्हणतात. तिथे पाच वर्षांची एकत्रित एमएस्सी होते. टीआयएफआर आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ शिकवायला येतात. प्रवेश 'नेस्ट' या परीक्षेतून, ती साधारण जूनमध्ये असते, म्हणजे फॉर्म निकालाच्या आधीच भरावा लागतो. जागा मोजक्या. आपली मुलं इथे परीक्षेत मागे पडतात असं मला वाटत नाही; बहुतेकांना ती तारीख उलटून गेल्यावर कळते.

मुंबईबाहेर जायची तयारी असेल तर भारतीय सांख्यिकी संस्थेचं बी.मॅथ बंगळुरूला आहे, बी.स्टॅट कोलकात्याला. बारावीला गणित आणि इंग्रजी असलं की कॉमर्सचा मुलगाही अर्ज करू शकतो. शिकवणी फी नाही, उलट विद्यावेतन मिळतं. अब्बांना हे वाक्य आधी सांगा.

आता आत गेल्यावर काय? शाळेत उत्तर आलं की गणित संपतं, इथे उत्तराच्या पुढे सुरू होतं. दोन विषम संख्यांची बेरीज सम येते हे पाचवीतलं पोर सांगेल. नेहमीच का येते? एक संख्या २क+१, दुसरी २ख+१, बेरीज २(क+ख+१). बस, आता जगातली कुठलीही जोडी तपासायची गरज उरली नाही. पहिल्या वर्षी मुलं ज्याला घाबरतात ती सिद्धता ही. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते, पण गणिताच्या पुस्तकातली इंग्रजी थोड्याच शब्दांची. एका सत्रात जमते.

कॉलेजात गणित मुख्य विषय घेतलात तर जोडविषय, म्हणजे मायनर, विचार करून निवडा. मैत्रिणीने घेतला म्हणून घेऊ नका. माझं मत विचाराल तर संख्याशास्त्र. विमा, बँका, डेटाचं काम, सगळीकडे ते लागतं, आणि आयआयटीच्या एमएस्सीसाठीच्या 'जॅम' परीक्षेत त्याचा वेगळा पेपरही आहे. नुसत्या गणिताच्या पदवीवर नोकरी चालून येत नाही, हे घरी स्पष्ट सांगा.

कागदांचं शेवटी. मोमीन, बागवान, पिंजारी अशा कितीतरी बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. केंद्राची यादी वेगळी असते, तिच्यात आपलं नाव आहे का ते आधी पाहा. केंद्रीय संस्थेला दाखला केंद्राच्याच नमुन्यातला लागतो, आणि नॉन-क्रीमी लेयर चालू आर्थिक वर्षाचं, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेलं. सेतू केंद्रात त्याच आठवड्यात जा, जूनमध्ये तिथे उभं राहायला जागा नसते.