चिप आपली, पण पारख कोणाची?

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार. अर्धवाहकांसारख्या विषयावर अधिकारवाणीने बोलावे ते अभियंत्यांनी. परंतु ज्या वस्तूवर आपली बँकेतील पुंजी, आपली मोटार, इस्पितळातील यंत्रे आणि सीमेवरील जवानाचे बिनतारी संदेश अवलंबून आहेत, तिच्याविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. माझा प्रश्न एकच आहे. आपल्या हातातील चिप सांगितले तसेच आणि सांगितले तेवढेच काम करते, हे कोणी आणि कसे ठरवायचे?

नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर आज अब्जावधी ट्रान्झिस्टर बसवलेले असतात. संगणकाच्या आज्ञावलीत दोष निघाला तर ती दुरुस्त करून पुन्हा पाठवता येते. सिलिकॉनमध्ये कोरला गेलेला दोष मात्र शिलालेखातील चुकीसारखा कायम राहतो. म्हणूनच चिपच्या बाबतीत तीन प्रकारचे धोके नीट समजून घेतले पाहिजेत. पहिला प्रमादाचा, दुसरा घाईचा आणि तिसरा कपटाचा.

प्रमादाचे उदाहरण १९९४ सालचे आहे. अमेरिकेतील थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांच्या लक्षात आले की, इंटेलची पेंटियम चिप काही भागाकार चुकीचे करते. भागाकारासाठी चिपमध्ये जो तक्ता साठवला होता, त्यातील पाच नोंदी गळल्या होत्या. केवळ पाच! त्या निस्तरण्यासाठी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. तेव्हापासून आराखडा प्रत्यक्ष कोरण्यापूर्वी तो गणिती पद्धतीने सिद्ध करून पाहण्याला मोठे महत्त्व आले.

घाईचे उदाहरण जानेवारी २०१८ मध्ये जगासमोर आले. मेल्टडाउन आणि स्पेक्टर अशी त्या दोषांची नावे. वेळ वाचवण्यासाठी प्रोसेसर पुढची पायरी कोणती असेल, याचा अंदाज बांधून काम आधीच उरकून ठेवतो. अंदाज चुकला तर ते काम टाकून दिले जाते. परंतु टाकलेल्या कामाच्या खुणा तात्पुरत्या स्मृतीत मागे राहतात आणि त्यांवरून दुसऱ्याची गुप्त माहिती वाचता येते, हे संशोधकांनी दाखवून दिले. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. ही पद्धत वीस वर्षांहून अधिक काळ वापरात होती. सर्वांना वेग हवा होता. त्याची किंमत कोणी तपासली नव्हती.

आता तिसरा धोका, कपटाचा. स्वित्झर्लंडमधील क्रिप्टो एजी ही कंपनी संदेश गुप्त ठेवणारी यंत्रे अनेक देशांना विकत असे. १९७० साली अमेरिकेच्या सीआयएने आणि पश्चिम जर्मनीच्या गुप्तचर संस्थेने ही कंपनी गुपचूप विकत घेतली. पुष्कळ यंत्रांची रचनाच अशी ठेवली गेली की, त्यांतील संदेश या संस्थांना उकलता यावेत. हे सत्य कागदपत्रांसह २०२० मध्ये उघड झाले. ग्राहकांच्या यादीत भारतही होता आणि पाकिस्तानही. स्वतःच्या तिजोरीतून पैसे मोजून ही राष्ट्रे आपले बोलणे परक्यांच्या कानी घालत होती!

जे तेव्हा पेटीएवढ्या यंत्रात दडवले जात होते, ते आज चिपमधील मूठभर ट्रान्झिस्टरांत दडवणे शक्य आहे. नेहमीची चाचणी चिप सांगितलेले काम करते की नाही, एवढेच पाहते. न सांगितलेले काम करते का, हे शोधणे फार कठीण असते. आराखडा एका देशात, त्यातील तयार भाग दुसऱ्या देशातून विकत घेतलेले, निर्मिती तैवानमध्ये आणि जोडणी आणखी कोठे, अशी आजची साखळी आहे. तिची प्रत्येक कडी तपासावी लागते.

यावर जगात उपायही शोधले जात आहेत. मोटारीच्या ब्रेकचे नियंत्रण करणाऱ्या अनेक चिपमध्ये दोन गाभे एकच गणित समांतर सोडवतात आणि उत्तरांत फरक पडताच यंत्रणा सावध होते. मोटारींसाठीचे आयएसओ २६२६२ हे सुरक्षा-मानक २०११ साली आले. चिप किती वीज खाते, याच्या चढउतारावरून गुप्त किल्ली ओळखता येते, हे पॉल कोचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाअखेरीस दाखवले. आता ते चढउतार झाकणारी रचना करतात. निर्मितीतील सूक्ष्म फरकांचा उपयोग करून प्रत्येक चिपला अंगठ्याच्या ठशासारखी स्वतःची ओळख दिली जाते. २०१० साली अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात सुरू झालेली रिस्क-फाइव्ह ही आज्ञा-संहिता तर सर्वांना खुली आहे.

आपण कोठे आहोत? ऐंशीच्या दशकात अमेरिकेने शक्तिशाली क्रे महासंगणक नाकारला, तेव्हा पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० साकारला. त्याचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु त्याचे गाभे, म्हणजे ट्रान्सप्यूटर, ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते, हेही स्मरणात ठेवावे. पुढची पायरी आता चढली जात आहे. मद्रास आयआयटीचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर रिस्क-फाइव्हवर आधारलेले आहेत. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत अग्निबाणांसाठी विक्रम ३२०१ घडला.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहकांसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरातेत धोलेरा येथे टाटा समूहाच्या ९१,००० कोटींच्या कारखान्याला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. त्यासाठी तंत्रज्ञान तैवानच्या पॉवरचिप कंपनीचे आहे. हे स्वागतार्हच आहे. मात्र कारखाना आला म्हणजे स्वावलंबन आले, असे मानून आपण निर्धास्त होणार असू, तर तो भ्रम ठरेल. आपल्या भूमीवर परक्याचा आराखडा जसाच्या तसा कोरला, तर त्यातील दोषही येथेच कोरला जाईल. आणि आराखडा आपला असला, तरी प्रमाद आणि घाई यांना राष्ट्रीयत्व नसते. स्वदेशीचा शिक्का हे परीक्षेचे उत्तर होऊ शकत नाही. खरी स्वदेशी वस्तू ती, जिची कठोर पारख करण्याचे ज्ञान आपल्यापाशी आहे.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. शासनाने कारखान्यांइतकेच लक्ष स्वतंत्र परीक्षण-प्रयोगशाळांकडे द्यावे आणि तेथे सापडलेला दोष सांगणाऱ्याला शिक्षा न होता सन्मान मिळावा. पालकांनी आपल्या मुलामुलींना सांगावे की, चिप घडवणे जितके मोलाचे, तितकेच तिच्यातील उणीव हुडकणे मोलाचे आहे. पाच गळलेल्या नोंदींमुळे होणारी चूक एका चिकाटीच्या प्राध्यापकाने शोधली. अशी चिकाटी आपल्या घरांतून आणि महाविद्यालयांतून घडली, तरच आपली चिप खऱ्या अर्थाने आपली होईल.