सिलिंडरमधली खळबळ

लोकलने वसईची खाडी ओलांडताना, ओहोटीच्या वेळी, पुलाच्या खांबांकडे कधी पाहिलंय? खांबापर्यंत पाणी सरळ येतं आणि पलीकडे निघताना त्याचे भोवरे होतात. मोठा भोवरा फुटून लहान, लहान फुटून आणखी लहान, आणि शेवटी सगळे पाण्यातच जिरतात. आज बोलायचंय ते असल्याच भोवऱ्यांबद्दल. फक्त ते हवेचे आहेत आणि इंजिनाच्या सिलिंडरमध्ये कोंडलेले आहेत.

इंजिन आपल्याकडे नवं नाही. वसईच्या वाड्यांतले रहाट गेले, ऑईल इंजिनं आली. अर्नाळा, पाचूबंदरच्या बोटींवर शिडांची जागा डिझेल इंजिनांनी घेतली. इंजिनाचा विषय निघाला की आपण तेलाचं बोलतो, किती जातं आणि भाव काय. हवेचं कुणी विचारत नाही. फुकट मिळते म्हणून असेल. पण एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते.

आता वेळेचा हिशेब पाहा. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर एक फेरा होतो 20 मिलिसेकंदांत. त्यातल्या निम्म्या वेळात हवा आत यायची. आणि जळणाचं काम तर तीन-चार मिलिसेकंदांत उरकायला हवं. साध्या, निवांत हवेत पेट्रोलच्या वाफेची ज्योत सेकंदाला जेमतेम 40 सेंटीमीटर सरकते. सिलिंडरमधल्या उष्णतेनं आणि फुगणाऱ्या वायूनं हा वेग काही पट वाढतो असं धरलं, तरी ज्योत वेळेत भिंतीपर्यंत पोचत नाही. म्हणजे हिशेबानं आपली मोटारसायकल चालायलाच नको!

ती चालते, कारण आतली हवा निवांत नसते. व्हॉल्व्हच्या अरुंद फटीतून ती जोरानं घुसते आणि तिचे भोवरे होतात. शास्त्रात याला प्रक्षुब्ध प्रवाह म्हणतात. आपण खळबळ म्हणू. ही खळबळ ज्योतीला चुरगाळते. नऊवारी लुगडं निऱ्या घातल्या की हातभर जागेत बसतं, तशी त्या चिमुकल्या जागेत ज्योतीची पुष्कळ मोठी चादर मावते आणि एकाच वेळी सगळीकडून जळते.

हे सिद्ध करणारा एक सुंदर प्रयोग 1912च्या सुमारास इंग्लंडमध्ये ड्यूगाल्ड क्लार्क यांनी केला. त्यांनी गॅस इंजिनात मिश्रण आत घेतलं, पण ठिणगी दिली नाही. व्हॉल्व्ह बंद ठेवून तेच मिश्रण पिस्टननं पुन्हा पुन्हा दाबलं, म्हणजे भोवरे विरायला वेळ मिळाला. मग ठिणगी दिली. मिश्रण तेच, इंजिन तेच, पण जळण कितीतरी मंद झालं. पुढे 1919 साली हॅरी रिकार्डो यांनी सिलिंडरच्या हेडला असा आकार दिला की वर येणारा पिस्टन हवा एका बाजूनं पिळून काढेल आणि मुद्दाम खळबळ माजवेल.

यात मला सर्वांत नवल वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं. इंजिनाचे फेरे वाढले की जाळायला वेळ कमी उरतो. पण हवाही तितक्याच जोरानं आत घुसते, खळबळ वाढते आणि ज्योतही जवळजवळ त्याच प्रमाणात धावू लागते. ही सोय निसर्गाची, कुणा इंजिनिअरची नव्हे.

डिझेल इंजिनाची गोष्ट थोडी वेगळी. तिथं गरम हवेत तेलाचा फवारा मारतात आणि हवेनं तो मिसळून घ्यायचा असतो. म्हणून पुष्कळ इंजिनांत हवा येण्याची वाट गोगलगाईच्या शंखासारखी वळवलेली असते; हवा आत येतानाच गिरकी घेते. पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीत ती कोंबली की गिरकीचा वेग आणखी वाढतो, गिरक्या घेणाऱ्यानं पसरलेले हात छातीशी घेतल्यावर वाढतो तसा. गिरकी कमी पडली तर काळा धूर. जास्त झाली तर उष्णता भिंतींना जाते आणि हवाही कमी भरते.

म्हणूनच, बोट किनाऱ्याला ओढून इंजिन खोललं असताना, "वाट मोठी करतो, हवा जास्त जाईल" म्हणत कुणी त्या वळणावर ग्राइंडर लावू लागलं, तर नाखवांनी त्याचा हात धरावा. हवा कदाचित जास्त जाईल. पण गिरकी जाईल. तेवढंच तेल जाळून बोट कमी ओढेल, आणि डिझेलचे पैसे कुठे जातात ते धुरात दिसेल.

ही गिरकी मोजतात कशी? हेड एका मोकळ्या सिलिंडरवर बसवून पंख्यानं हवा ओढतात, व्हॉल्व्ह थोडाथोडा उघडतात आणि आतली छोटी फिरकी किती फिरते ते पाहतात. साधी, जुनी रीत, पण अजून चालते. त्यापुढची रीत म्हणजे सिलिंडरला काचेची भिंत लावून हवेत तेलाचे सूक्ष्म थेंब सोडायचे आणि लेझरच्या उजेडात, क्षणाच्या अंतरानं त्यांचे दोन फोटो घ्यायचे. थेंब किती सरकला, यावरून हवेचा वेग कळतो.

पण अडचण अशी, की एका खेपेचे भोवरे दुसऱ्या खेपेसारखे कधीच नसतात. शेकडो खेपा मोजून सरासरी काढावी लागते, आणि सरासरी काढली की नेमका तो फरकच पुसला जातो. हा फरक ऐकायला मात्र लेझर लागत नाही. जुनी मोटारसायकल स्टँडवर लावून सावकाश चालू ठेवा आणि कान द्या. एक ठोका भरीव, पुढचा पोकळ, मग दोन बरे, मग पुन्हा एक पोकळ. कार्बुरेटर, प्लग सगळं ठीक असलं तरी थोडा फरक राहतोच.